वेदनेची नोंद कोण करणार?

वीस दिवस तीव्र शारीरिक वेदना सोसावी लागली किंवा नेहमीची कामे करता आली नाहीत, तर भारतीय दंड संहितेचे कलम 320 ती गंभीर दुखापत मानीत असे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 ने ही मुदत पंधरा दिवसांवर आणली. साधी दुखापत करणाऱ्याला जास्तीत जास्त एक वर्ष कैद, गंभीर करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत. म्हणजे कायद्याच्या लेखी वेदना हा पुरावा आहे. तो लिहितो कोण?

येलदरी धरणाच्या काठच्या गावांतून मारहाणीची प्रकरणे आमच्याकडे येतात. जखमीला जिंतूरला, तिथून परभणीला नेतात. प्रमाणपत्रात जखमेची लांबी-रुंदी असते, हाड मोडले की नाही ते असते. मुका मार बसलेल्या मजुराला पंधरवडाभर कूस बदलता आली नाही, याची एक ओळही नसते. मग आरोपीचा वकील विचारतो, वेदना कुठे आहे?

वास्तविक परिचर्याशास्त्राने हा प्रश्न कधीच सोडवला आहे. रुग्ण सांगतो ती वेदना खरी धरावी, हे मार्गो मॅककॅफरी या अमेरिकन परिचारिकेने 1968 मध्ये मांडले. कुठे दुखते, कधीपासून, कशाने वाढते, शून्य ते दहात किती, हे विचारून लिहायचे. मार लागलेला भाग ठणकतो. नस दुखावली तर आग होते, मुंग्या येतात, चमक निघते. औषधही त्यावरून बदलते. आमच्या आयाबहिणी हे सारे शब्द नेमके वापरतात. कागदावर मात्र 'दुखते' एवढेच उतरते!

'या लोकांना सवय असते' हे वाक्य आम्ही वॉर्डात ऐकले आहे. अमेरिकेत 2016 मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातील अभ्यासात दिसले, की काळ्यांची कातडी जाड असते असे मानणारे वैद्यकीय विद्यार्थी त्यांची वेदना कमी आकीत होते. जातीच्या देशाला हे नवे नाही.

एका परिचारिकेवर अख्खा वॉर्ड सोपवणारे सरकार यात पहिले दोषी आहे. तिच्यावर आमचा रोख नाही. तरीही प्रत्येक पाळीत वेदनेचा आकडा लिहायला मिनिटही लागत नाही. कार्यकर्त्यांनी जखमीसोबत जाताना तो लिहून घेण्याचा आग्रह धरावा. कागदपत्रांची प्रत लेखी अर्ज करून मागावी. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरने ती 72 तासांत द्यायची असते. अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.