तडजोडीचा मसुदा कोणाच्या तोंडचा?

मध्यस्थी कक्षात दोन तास मराठीत भांडण चालते, मराठीतच ते मिटते, आणि मग कोणीतरी संगणकावर जुना नमुना उघडून टंकू लागते: ‘सदरहू दाव्यातील उभय पक्षकारांत आपसात तडजोड झाली असून ते यापुढे सामंजस्याने वागतील.’ सह्या होतात, पुरसीस दाखल होते, दावा निकाली निघतो. वर्षभराने त्याच दाव्यात दरखास्त येते. दरखास्त चालवणाऱ्या न्यायालयाला हुकूमनाम्यामागे जाता येत नाही, कागदावर आहे तेवढेच त्याच्या हाती असते. आता ‘सामंजस्याने’ची बजावणी बेलिफाने कशी करावी?

चाळीस तासांच्या प्रशिक्षणात आपण ऐकायला शिकतो, प्रश्न विचारायला शिकतो, स्वतंत्र बैठक केव्हा घ्यावी ते शिकतो. लिहिण्याचे मात्र सगळ्यांनी गृहीत धरलेले असते. वकील बसले आहेत, लिहितील! पण वकिलांचा हात दावा आणि कैफियत लिहून तयार झालेला असतो. समोरच्याचा मजकूर ‘खोटा व लबाडीचा’ म्हणून नाकारण्यात त्याचे कौशल्य. दोघांना उद्यापासून एकाच बांधावर कसे वागायचे आहे, हे लिहिणे निराळे काम आहे.

सामाईक विहिरीचा दावा घ्या. नमुन्यातले कलम ठरलेले: ‘विहिरीचे पाणी उभयतांनी निम्मे-निम्मे घ्यावे.’ भाऊ कक्षात असे बोलतच नाहीत. ते पाळीबद्दल बोलतात. सोमवार ते बुधवार थोरल्याची, गुरुवार ते शनिवार धाकट्याची. लगेच धाकटा म्हणतो, आमच्या फीडरला त्या वारांना रात्रीची वीज आहे, म्हणजे साप-विंचवात मीच भिजवत बसू का? मग वार दर आठवड्याला फिरवायचे ठरते. वीज गेली तर बुडालेले तास रविवारी भरून काढायचे. मोटार जळाली तर खर्च निम्मा, पण ज्याच्या पाळीत जळाली त्याने ती काढून रिवाइंडिंगला न्यायची. उन्हाळ्यात पाणी तळाला गेले की आधी जनावरांचे, मग पिकाचे. खरी तडजोड ही आहे. ‘निम्मे-निम्मे’ लिहिताना यातले एकही वाक्य कागदावर येत नाही, आणि पहिल्यांदा मोटार जळते तेव्हा नवे भांडण उभे राहते.

याचा अर्थ पक्षकाराच्या तोंडचे जसेच्या तसे उतरवावे असा नाही. ‘दिवाळीपर्यंत देतो’, ‘तिला काही कमी पडू देणार नाही’, ‘नीट नांदवीन’ ही वाक्ये मनापासूनची असतात, पण त्यांवर दरखास्त चालत नाही. कोणत्या वर्षीची दिवाळी आणि त्यातला कोणता दिवस? दरमहा किती, कोणत्या तारखेला, कोणाच्या खात्यात, आणि हप्ता चुकला तर काय? हे प्रश्न मध्यस्थाने सगळ्यांसमोर विचारायचे असतात. बरेच मध्यस्थ ते टाळतात, जमत आलेले मोडेल या भीतीने. जे एवढ्याने मोडते ते जमलेलेच नसते, असे आमचे मत आहे.

इंग्रजी मसुद्याबद्दलही बोलले पाहिजे. राज्यातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा 1998 च्या अधिसूचनेने मराठी ठरली, तरी समझोत्याचा नमुना संगणकात इंग्रजीत आहे म्हणून तोच चालतो. खाली मराठीत ओळ असते: ‘वाचून दाखविले, समजले, मान्य आहे.’ साऱ्या कागदात खोटे असलेले बहुधा हे एकच वाक्य. दोन कंपन्यांचा व्यापारी वाद असेल तर इंग्रजीला हरकत नाही. पण सही करणाऱ्याला पुढे पस्तावून नवा दावा लावता येत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 23 मधल्या नियम 3-क ने ती वाट बंद केली आहे. एवढे वजन असलेला कागद त्याला वाचता यावा, ही अपेक्षा फार नाही. धुळे-नंदुरबारकडे अहिराणी किंवा भिली बोलणारा पक्षकार प्रमाण मराठीपुढे नुसता ‘हो’ म्हणत राहतो. तेथे दुभाषा लागतो, आणि तो कोणाचा मेहुणा नसावा.

आता आपल्याच जिभेकडे वळू. पती नोकरदार असला की ‘तुम्ही’ आणि ‘साहेब’, पत्नीला मात्र ‘हे बघ बाळ, तू जरा समजून घे’. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, ऐकणारीला निकाल ऐकू येतो. सासऱ्यांना ‘काका’ म्हणायचे तर मुलीच्या वडिलांनाही काकाच म्हणावे, नाहीतर दोघांनाही आडनावापुढे ‘साहेब’ लावावे. अरे-तुरे आणि अहो-जाहो यांची वाटणी मराठी माणूस पहिल्या पाच मिनिटांत मोजतो, आणि मध्यस्थ कोणाच्या बाजूचा ते ठरवून टाकतो. मग आरंभीच्या निवेदनात ‘तटस्थ’ शब्द कितीही वेळा उच्चारा. त्याच निवेदनातले ‘गोपनीय’ही पुस्तकात ठेवून, ‘इथले बोलणे जज्जसाहेबांपर्यंत जाणार नाही’ असे सांगितले, की खुर्चीत आखडून बसलेला माणूस सैल होतो.

हा शब्द मात्र पाळावा लागतो. मोतीराम विरुद्ध अशोक कुमार या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले आहे, की समझोता झाला तर तो सह्यांनिशी पाठवावा, न झाल्यास मध्यस्थी अयशस्वी झाली एवढेच कळवावे. तरीही ‘प्रतिवादीच्या आडमुठेपणामुळे’ किंवा ‘वादी पाच लाखांवर अडून राहिल्याने’ अशी शेपटे लावलेले अहवाल अजून जातात. त्या एका ओळीने कक्षातले सगळे बोलणे न्यायाधीशांच्या टेबलावर जाते.

वाचकांना एक विनंती. सहीपूर्वी मसुदा बाजूला ठेवा आणि दोन्ही पक्षकारांना, वकिलांना मध्ये न बोलू देता, काय ठरले ते आपल्या शब्दांत सांगायला लावा. सांगण्यात आणि लिहिण्यात फरक निघाला तर मसुदा दुरुस्त करा, कोर्टाची वेळ संपत आली असली तर पुढची तारीख घ्या.