डॉक्टरांपासून लपवू नका



घरात धान्य आले की उंदीर आला आणि उंदीर आला की विषाची नळी आली. अकोला-अमरावतीकडच्या कित्येक घरांत ती फळीवर पडलेली असते. रागाच्या भरात एखादे पोर ती तोंडाला लावते. आपण इर्विनला किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात धावतो. दुसऱ्या दिवशी पोर उठून बसते, चहा मागते. आपण म्हणतो, वाचले, चला घरी.

इथेच घात होतो. अशा पेस्टमधील पिवळा फॉस्फरस यकृतावर सावकाश घाव घालतो. काही दिवसांनी डोळे पिवळे होतात, मग रोगी भ्रमात जातो. यावर नेमका उतारा नाही. काहींचे यकृत औषधोपचाराने सावरते. ज्यांचे सावरत नाही, त्यांना तातडीने दुसरे यकृत बसवणे हाच मार्ग उरतो. म्हणून डॉक्टर सोडेपर्यंत रोग्याला घरी आणू नका. विषाचे खोके सोबत न्या.

आता प्रश्न पात्रतेचा. ज्याने स्वतःच जीव देऊ पाहिला, त्याला यकृत द्यावे काय? 'पात्र-अपात्र' हे शब्द ऐकताच आपल्या माणसांची जुनी जखम ठणकते. पण मानसोपचारतज्ज्ञाने येथे माणसाची लायकी मोजायची नसते. नवे यकृत टिकवायला जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात. म्हणून तो विचारतो : पूर्वी असे केले होते काय? दारू किती? मानसिक आजाराची औषधे नेमाने घेतली काय? पुढे सांभाळणार कोण? एरवी ही चौकशी अनेक भेटींत होते. येथे हाती थोडे तास असतात आणि रोग्याला शुद्ध नसते. बोलायचे ते घरच्यांनीच. रागाच्या एका क्षणावरून दार बंद होऊ नये, असे आमचे ठाम मत आहे.

पण नेमके इथे आपण लपवतो. "चुकून पोटात गेले," म्हणतो, कारण पोलिसांची भीती. ती आता टाका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम ११५ सांगते की असा माणूस तीव्र तणावाखाली होता असे धरावे. त्याची काळजी व उपचार ही सरकारची जबाबदारी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ राहिलेले नाही. जबाब घेतील, घेऊ द्या. खरे सांगा.

दुसरी गोष्ट दात्याची. मेंदूमृत दात्याचे यकृत वेळेत मिळेलच असे नाही. तेव्हा आईबाप, भावंडे, नवरा-बायको यांच्यापैकी कुणाच्या यकृताचा भाग घेतात. अशा वेळी सगळ्यांच्या नजरा घरातल्या बाईकडे वळतात. तिचेही मन डॉक्टर तपासतात. नाही म्हणण्याचा तिला हक्क आहे. त्यासाठी तिला कुणी बोल लावू नये.

हा सारा खर्च लाखांत जातो. म्हणून विष घरात ठेवूच नका. पोर गप्प झाले असेल तर जवळ बसवून सरळ विचारा, "मरणाचे विचार येतात काय?" विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट मन मोकळे होते. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर रात्री-बेरात्रीही फुकट बोलता येते.

आणि जे पोर वाचले, त्याला टोमणे मारू नका. यकृत सावरले तरी मन सावरायचे बाकी असते. त्यालाही डॉक्टर लागतो आणि घरही लागते.