सहलीच्या अर्जावर आईची सही का चालत नाही?

डिसेंबर उजाडला की शाळा-कॉलेजांच्या फळ्यावर सहलीची सूचना लागते. गिरगाव, दादर, परळ, लालबाग, कुठेही जा, ठिकाणं ठरलेली: अलिबाग, मुरूड-जंजिरा, फार तर गोवा. वर मथळा 'ऐतिहासिक व सांस्कृतिक सहल'. खाली दोन ओळी: अमुक तारखेपर्यंत पैसे भरावेत, सोबत पालकांचं संमतीपत्र जोडावं. आणि मग दर वर्षी तेच घडतं. वर्गात मुली निम्म्याहून जास्त असतात, बसमध्ये मात्र मोजक्या दिसतात.

ही बाब किरकोळ आहे असं आपल्यातल्याही काही जणींना वाटतं. मारहाण आहे, हुंडा आहे, भाड्याच्या खोलीतून हाकलून देणं आहे, एवढं सगळं समोर असताना सहलीचं काय घेऊन बसलात? मैत्रिणींनो, मला याच प्रश्नाशी भांडायचं आहे. घरातून एक रात्र बाहेर राहायला जी मुलगी परवानगी मिळवू शकत नाही, तिला उद्या दुसऱ्या गावची नोकरी कोण घेऊ देणार? नको असलेलं लग्न ती कशाच्या बळावर मोडणार? आणि मारहाण झाली तर घराचा उंबरठा ओलांडायचं धैर्य तिच्यात अचानक कुठून येणार? बाईच्या पायांवर मालकी कुणाची, याचा पहिला निकाल सहलीच्या अर्जावर लागतो.

आता तो अर्जच बघू. कॉलेजात जाणारी बहुतेक मुलगी अठरा वर्षांची झालेली असते. कायद्याने ती सज्ञान आहे. १९८९ पासून अठराव्या वर्षी मतदान करता येतं, म्हणजे देशाचं सरकार निवडायला ती पुरेशी शहाणी आहे. अठराव्या वर्षी कायदा तिला लग्नही करू देतो, म्हणजे जन्मभरासाठी परक्या घरी जायला ती पुरेशी मोठी आहे. पण दोन दिवस मैत्रिणींबरोबर मुरूडला जायला ती लहान! सज्ञान विद्यार्थिनीच्या घरी सहलीची माहिती कळवणं वेगळं आणि तिच्या जाण्या-न जाण्याचा निर्णय दुसऱ्याच्या सहीवर टांगणं वेगळं. आपल्या कॉलेजांना हा फरक कळत नाही, किंवा कळून घ्यायचा नाही.

त्यातही सही कुणाची? आमच्या कामाच्या भागातली एकोणीस वर्षांची एक मुलगी. बाप दारूपायी घर सोडून गेलेला, आई पोळी-भाजी केंद्रात पहाटेपासून उभी. सहलीचे पैसे आईने भिशीतून काढले, अर्जावर सही केली. कॉलेजच्या ऑफिसातून अर्ज परत आला: वडिलांची सही आणा. जो माणूस फी भरत नाही, आजारपणात विचारत नाही, ज्याचा पत्ता घरच्यांना ठाऊक नाही, त्याची सही हवी. आणि जिने तिला एकटीने वाढवलं तिची चालत नाही. आम्ही भांडलो तेव्हा उत्तर मिळालं, "नियम आहे." कुठला नियम, ते कुणालाच दाखवता आलं नाही.

दाखवता येणारच नव्हतं. १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की वडील हयात असले तरी ते मुलांकडे पाहत नसतील तर आई नैसर्गिक पालक ठरू शकते. तो निकाल अज्ञान मुलांपुरता आहे, आणि आपण तर सज्ञान मुलीबद्दल बोलतो आहोत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचं नाव घालणं महाराष्ट्र सरकारने बंधनकारक केलं आहे. म्हणजे सरकारी कागदावर आई आली, पण कॉलेजच्या छापील अर्जावर अजून आलेली नाही.

आणि ही बस जाते कुठे? मुरूड-जंजिऱ्याला. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने किल्ल्यात जायचं. एकोणीस बुरूज, कलालबांगडी तोफ, भर समुद्रात गोड्या पाण्याचे तलाव. गाईड सांगतो की हा किल्ला शिवाजी महाराजांना आणि संभाजी महाराजांना घेता आला नाही, सिद्दी आफ्रिकेतून आले, मोठे दर्यावर्दी होते. मुलं तोफेवर बसून फोटो काढतात आणि सहल संपते. त्या किल्ल्याच्या आणि संस्थानाच्या इतिहासात बायका नव्हत्या का?

होत्या. १९२२ साली जंजिऱ्याचे नवाब वारले तेव्हा गादीचा वारस लहान होता. १९३३ पर्यंत त्याच्या वतीने कारभार पाहिला तो त्याच्या आईने, कुलसुम बेगम यांनी. म्हणजे ज्या मुलखाचा कारभार अकरा वर्षं एका आईच्या सहीने चालला, त्या मुलखाची सहल करायला आज परळमधल्या आईची सही चालत नाही!

आणि एवढंच नाही. त्याआधीच्या नवाबांच्या बेगम नाझली १९०८ साली युरोपला गेल्या आणि परत येऊन त्यांनी उर्दूत प्रवासवर्णन लिहिलं. त्यांची धाकटी बहीण अतिया फैजी १९०६ साली सरकारी शिष्यवृत्तीवर शिक्षिका होण्याचं शिक्षण घ्यायला लंडनला गेली. तिने तिथून लिहिलेली रोजनिशी 'तहजीब-ए-निस्वां' या लाहोरच्या स्त्रियांच्या नियतकालिकात छापून येत होती. त्या काळात ही रोजनिशी परदाशीन बायका घरात बसून वाचत होत्या. आज किल्ल्यात उभ्या असलेल्या मुलीला यातलं अवाक्षर सांगितलं जात नाही. सांगितलं तर तिच्या मनात साधा प्रश्न उभा राहील: सव्वाशे वर्षांपूर्वी इथली बाई समुद्र ओलांडून जात होती, मग मला महाड नाका ओलांडायला एवढ्या सह्या का?

लांब कशाला जायचं? ११ मार्च १८८९ ला पंडिता रमाबाईंनी शारदा सदन सुरू केलं ते आपल्याच चौपाटीजवळ. त्याआधी त्या इंग्लंड-अमेरिका पाहून आल्या होत्या आणि अमेरिकेवर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिलं. प्रवास ही त्यांची चैन नव्हती. बाहेरच्या बायका कशा राहतात ते पाहिल्यावरच घरातलं दुय्यमपण 'नशीब' नसून 'व्यवस्था' आहे हे दिसतं. मुलींच्या प्रवासाला समाज घाबरतो तो यामुळे.

सहलीच्या नावाखाली बायकांकडे कसं पाहायला शिकवलं जातं, हेही तपासायला हवं. कोलंबियात कॅरिबियन समुद्राकाठी कार्ताहेना नावाचं तटबंदीचं जुनं शहर आहे. आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांचा तिथे बाजार भरत असे. गुलामीतून पळालेल्या लोकांनी वसवलेल्या पालेंके गावच्या बायका आज तिथे रंगीत झगे घालून, डोक्यावर फळांची पाटी घेऊन उभ्या असतात आणि सहलीला आलेले त्यांच्यासोबत फोटो काढतात. गुलामी झुगारणाऱ्यांच्या लेकी शोभेची वस्तू होतात. आपल्याकडे काय वेगळं आहे? मुरूडच्या किनाऱ्यावर कोळणीचा फोटो निघतो, पण तिची मासळी घाऊक व्यापारी कोणत्या भावाने उचलतो, होडीची मालकी कुणाच्या नावावर आहे, हे विचारायला कुठलाही सर विद्यार्थ्यांना सांगत नाही. याला सांस्कृतिक सहल म्हणायचं का?

आता सुरक्षिततेचा मुद्दा. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. त्यात मुलीही होत्या, मुलगेही होते. त्यानंतर सहलींवर कडक अटी आल्या. त्या आईबापांचं दुःख कुणीही हलकं करू नये. पण त्या दुर्घटनेतून घ्यायचा धडा काय? भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहा, किनाऱ्यावर जीवरक्षक हवेत, शिक्षकांची संख्या पुरेशी हवी, अनोळखी पाण्यात कुणालाच उतरू देऊ नका. समुद्र मुलगा-मुलगी पाहत नाही. घरचे मात्र पाहतात. मुलाला सांगतात, "पाण्यात जाऊ नकोस." मुलीला सांगतात, "सहलीलाच जाऊ नकोस."

आणि ही काळजी एरवी कुठे जाते? गणपतीत हीच मुलगी लालबागच्या राजाच्या रांगेत रात्रभर उभी असते, धक्के खाते, गर्दीतले नको ते हात सहन करते. तेव्हा घरात कुणाची झोप उडत नाही. रोज संध्याकाळी दादरला तुडुंब लोकलमध्ये ती लोंबकळत चढते, कारण तिचा पगार घरात हवा असतो. देवाचं काम आणि घराचं काम असेल तर मुलगी सुरक्षित. स्वतःच्या आनंदासाठी निघाली की लगेच धोक्यात! ज्या काळजीला मुलीचा आनंद दिसला की जाग येते, तिचं खरं नाव पहारा.

पैशाचा प्रश्न खरा आहे, तो मी टाळत नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा आजच्या कित्येक आया शाळेत होत्या. घरातला पगार थांबला, तेव्हा आधी मुलींची सहल गेली, मग शाळा. आज त्या गिरण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल आहेत आणि त्याच बायका तिथे झाडू-फरशी करतात. अशा घरात सहलीचे हजार-दोन हजार जड जातात. पण एकाच मुलाचे पैसे भरता येत असतील तर कुणाचे भरले जातात? मुलाचे. "ती काय, लग्नानंतर नवऱ्याबरोबर फिरेल." गरिबी दोघांची सारखी असते, कात्री मात्र एकीवरच चालते. पैसे नाहीत म्हणून सहल रद्द करायची तर दोघांची करा!

एक मुद्दा आपण उघडपणे बोलत नाही. पाळीच्या दिवसांत येऊ नका असं मुलींना आडून सुचवलं जातं, किंवा पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मैत्रिणी एकमेकींना देतात. बस चार तास थांबत नाही, थांबते तिथला संडास जाण्यासारखा नसतो, म्हणून मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत. २०११ पासून मुंबईत 'राइट टू पी' मोहिमेने बायकांच्या मुताऱ्यांचा प्रश्न चव्हाट्यावर आणला. तोच प्रश्न सहलीच्या बसलाही विचारला पाहिजे.

तेव्हा संघटनांनी आपापल्या भागातल्या कॉलेजांकडे पुढच्या सहलीआधीच या मागण्या न्याव्यात:

१. सज्ञान विद्यार्थिनीची स्वतःची सही पुरेशी माना. घरी फक्त माहिती कळवा.

२. अठराच्या आतल्या मुलींसाठी आई किंवा वडील, कुणाही एकाची सही चालेल, असं अर्जावर छापा.

३. बस सुटण्याआधी थांबे ठरवा आणि तिथे बायकांसाठी वापरता येईल असा संडास आहे याची खात्री करा. सोबत पॅडची पेटी ठेवा.

४. सोबत शिक्षिका हव्यातच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांत सहल आणि अभ्यासदौऱ्याची जागाही कॉलेजच्या आवारातच धरली आहे. म्हणजे सहलीत छेडछाड झाली तर अंतर्गत तक्रार समितीकडे दाद मागता येते. ही माहिती बसमध्ये बसण्याआधी प्रत्येकीला द्या.

५. मुली मागे राहिल्या असतील तर का, याची नोंद ठेवा. पैशासाठी राहिल्या असतील तर विद्यार्थी निधीतून सोय करा.

आणि वस्तीत आपलं काम आहे ते आयांबरोबर. सहल नाकारणारा आवाज पुष्कळदा आईचाच असतो, कारण मुलीला काही झालं तर बोल तिलाच लागणार असतो. तिला दोष देऊन भागणार नाही. ज्या बाईने जन्मात मुंबई आणि सासरचं गाव याखेरीज तिसरं ठिकाण पाहिलं नाही, तिला लेकीची सहल धोकाच वाटणार. म्हणून माझी आणखी एक सूचना आहे. यंदा महिला मंडळाच्या हळदीकुंकवाचा खर्च वाचवा आणि आयांचीच एक सहल काढा. भाऊच्या धक्क्यावरून बोटीने रेवसला जा, अलिबागचा किनारा बघा, एक रात्र राहा. नवऱ्याच्या सहीशिवाय. परत आलेल्या बायका लेकीच्या अर्जावर सही करताना हात आखडता घेणार नाहीत. आणि कॉलेजने ती सही नाकारली, तर त्याच बायका ऑफिसच्या खिडकीशी जाऊन विचारतील: नियम आहे ना, मग दाखवा!