काळ्या रानात टायर किती मोठा?

नवी थार दारात उभी राहिली की काही महिन्यांतच ठरलेला प्रश्न येतो: टायर किती मोठे घालू? सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर वळसंगहून आत वळलं, की वस्त्यांकडे जाणाऱ्या पाणंदी पावसाळ्यात अशा होतात की हा प्रश्न नुसत्या हौसेचा राहत नाही. मळ्यात राहणाऱ्या माणसाला अपरात्री दवाखाना गाठायचा असतो, दूध वेळेत पोचवायचं असतं. म्हणून या भागातले वाचक २८५ मापाच्या टायरबद्दल विचारतात, तेव्हा मी त्यांना झटकून टाकत नाही. पण माझं उत्तर ठाम आहे. आपल्या काळ्या मातीत मोठा टायर बहुतेक वेळा कामाला येत नाही, आणि डांबरी रस्त्यावर तो जोखीम वाढवतो.

आधी माती बघू. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. गाडी रुतण्याचे दिवस थोडे असतात, पण आले की एकदम येतात. या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते आणि रबर, लोखंड, चप्पल, जे मिळेल त्याला धरून बसते. मोठ्या खाचांचा ‘मड टेरेन’ टायर चिखलासाठीच बनवलेला असतो, हे खरं. चाक फिरलं की खाचेतला चिखल बाहेर फेकला जावा, असं त्याचं गणित. मुरमाड किंवा रेताड चिखलात ते जमतं. आपली काळी माती मात्र फेकली जात नाही. चाकाच्या थोड्याच फेऱ्यांत खाचा लिंपून जातात आणि महागडा टायर झिजलेल्या टायरसारखा घसरू लागतो. मग चालक ॲक्सिलरेटर दाबतो, चाक जागच्या जागी खणत जातं आणि गाडी पोटावर बसते. तिथून पुढं खुरपं, फावडं आणि शेजारच्या वस्तीवरचा ट्रॅक्टर.

रुंदीबद्दलही गैरसमज फार आहे. आपल्याकडे माळाच्या बाजूला माती उथळ, हातभर खाली मुरूम. ओढ्या-नदीकडे जाल तशी ती खोल होत जाते. उथळ चिखलात अरुंद टायर वरचा थर कापून खालच्या टणक मुरमावर पोचतो आणि तिथं पकड घेतो. रुंद टायर त्याच चिखलावर तरंगतो आणि आडवा घसरतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचा टायर ६.०० x १६ मापाचा होता, म्हणजे जेमतेम सहा इंच रुंद. त्याच टायरवर ती जीप वाळवंटापासून ब्रह्मदेशाच्या जंगलापर्यंत फिरली, आणि स्वातंत्र्यानंतर महिंद्रानं मुंबईत तिचीच जुळणी सुरू केली. आजची थार त्याच घराण्यातली. ज्यांना थोराड टायरशिवाय गाडी दमदार वाटत नाही, त्यांनी एकदा त्या जीपचं चाक जवळून बघावं.

खोल चिखलाचं गणित वेगळं. तिथं खाली मुरूम सापडत नाही, गाडी वरच तोलावी लागते, आणि त्यासाठी टायरचा जमिनीला टेकणारा भाग वाढवावा लागतो. इथं लोक रुंद टायर विकत घेतात. पण हे काम आहे तोच टायर फुकटात करून देतो: हवा कमी करा. थारचं वजन साधारण १,७५० किलो, म्हणजे एका चाकावर ४४० किलोच्या आसपास. ३२ पीएसआय हवा असताना टायर ढोबळमानानं १९५ चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतो. हवा १६ वर आणली की तीच जागा जवळपास दुप्पट होते. टायरच्या कडांचा ताठरपणा धरला तर आकडा थोडा इकडंतिकडं होईल, पण दिशा हीच. शिवाय ही वाढ मुख्यतः लांबीत होते, त्यामुळे समोरचा चिखल ढकलायला जास्त रुंदी येत नाही. २८५ चा टायर घेऊन हवा ३२ च ठेवली तर टेकणारी जागा फारशी वाढतच नाही, कारण वजन तेच आणि दाब तोच. हे एवढं साधं गणित टायरच्या दुकानात कुणी सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हवा कमी करण्याची युक्ती नवीही नाही. दुसऱ्या महायुद्धातच अमेरिकी सैन्याच्या ‘डक’ या जमिनीवर-पाण्यात चालणाऱ्या ट्रकमध्ये चालकाला जागेवर बसूनच टायरमधली हवा कमी-जास्त करता येत होती. आइसलँडमध्ये बर्फावर चालणाऱ्या गाड्यांना ३८ ते ४४ इंची टायर असतात, आणि तिथंही हवा अगदी दोन-तीन पीएसआयपर्यंत उतरवतात तेव्हाच ते टायर बर्फावर तरंगतात. त्या टायरना तिथं कारण आहे. वळसंगच्या शिवारात तेवढा बर्फ नाही.

आता मोठ्या टायरची किंमत, म्हणजे रुपयांपलीकडची. थारच्या एका आवृत्तीवर २४५/७५ आर १६ हे माप येतं. २४५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ७५ टक्के कडेची उंची, आणि १६ इंची रिम. हिशेब केला तर टायरची पूर्ण उंची ७७४ मिलिमीटर. त्याजागी २८५/७५ आर १६ घातला तर ती ८३४ होते. फरक ६० मिलिमीटरचा, पण गाडी वर उचलली जाते त्याच्या निम्मी, ३० मिलिमीटर. या तीन सेंटिमीटरसाठी काय काय द्यावं लागतं? घेर पावणेआठ टक्क्यांनी वाढतो, म्हणून मीटर १०० दाखवत असताना गाडी जवळपास १०८ नं धावत असते. चाकाला मिळणारी ओढ सात टक्क्यांनी घटते, आणि ती नेमकी चिखलात हवी असते. टायरचं वजन वाढतं. ते फिरवायला इंजिन आणि थांबवायला ब्रेक जास्त राबतात, बेअरिंग आणि स्टिअरिंगचे सांधे लवकर ढिले होतात. स्टेपनी मागच्या दारावर लटकते, तिचा भार बिजागरांवर येतो. टायर आत घासू नये म्हणून मग स्पेसर, रुंद रिम, लिफ्ट किट अशी साखळी सुरू होते, आणि प्रत्येक कडीबरोबर गाडीचा तोल थोडा थोडा बिघडत जातो.

यात २०२३ च्या जानेवारीत आलेल्या, फक्त मागच्या चाकांना ओढ असलेल्या थारच्या मालकांनी विशेष लक्ष द्यावं. त्या गाडीला चारही चाकांची ओढ नाही आणि लो गिअरही नाही. दिसायला ती तशीच, म्हणून तिला थोराड टायर लावणारे बरेच दिसतात. तिच्या बाबतीत मोठा टायर म्हणजे आधीच कमी असलेली ओढ आणखी कमी करणं आहे.

कायद्याचंही सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट निकाल दिला, की कंपनीच्या मूळ नमुन्यापासून फारकत घेणारा बदल गाडीत करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. अपघात झाला तर विमा कंपनी याच बदलावर बोट ठेवू शकते.

आणि पाणंद एकट्याची नसते. ओल्या पाणंदीतून मोठ्या खाचांचे टायर जोर लावत गेले की जे खड्डे पडतात, ते वाळल्यावर महिनोन्‌महिने तसेच राहतात. मागून दुचाकीवर दुधाचे कॅन नेणारा आणि शाळेला चालत जाणारी मुलं त्यातून वाट काढतात. २०२१ मध्ये राज्यानं मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, ती या रस्त्यांची गरज ओळखूनच. शेतकरी वापसा आल्याशिवाय रानात औत घालत नाही. निकडीचं काम नसेल तर तीच शिस्त गाडीनंही पाळावी, असा माझा आग्रह आहे.

२०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला, तेव्हापासून ‘पाण्यातून जायला उंच टायर हवेत’ असंही ऐकू येतं. थारची पाण्यातून जाण्याची मर्यादा कंपनीनं ६५० मिलिमीटर सांगितली आहे, आणि टायर बदलल्यानं वाहत्या पाण्याचा जोर कमी होत नाही. उलट मोठ्या टायरमध्ये हवा जास्त, म्हणून गाडी तरंगायला मदतच. ओढा भरून वाहत असेल तर थांबायचं, टायर कुठलाही असो.

मग घ्यायचं काय? कंपनीनं तुमच्या गाडीसाठी दिलेल्या मापातच ‘ऑल टेरेन’ टायर. थारमध्ये अशी निवड आहेच: १६ इंची रिमचं माप ७७४ मिलिमीटरचं, १८ इंचीचं २५५/६५ जवळपास ७८९ चं. शेतातून जाणं जास्त असेल तर मला १६ इंची बरं वाटतं, कारण कडेला रबर जास्त असतं आणि हवा कमी केल्यावर तेच कामाला येतं. घेताना टायरच्या कडेवरचे शेवटचे चार अंक वाचा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. भार आणि वेगाचा निर्देशांक कंपनीच्या मापापेक्षा कमी नको. बरोबर एक हवेचा गेज आणि बारा व्होल्टवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर घ्या. मोठ्या टायरच्या खर्चापुढं ही रक्कम काहीच नाही. चिखलात हवा १८ पर्यंत उतरवा, अगदीच अडलं तर १५-१६. त्या हवेवर वेग सायकलीच्या आसपास ठेवा आणि स्टिअरिंग झटक्यानं वळवू नका, नाहीतर टायर रिमवरून निसटेल. डांबर लागायच्या आत हवा पुन्हा भरा. कमी हवेचा टायर हमरस्त्यावर तापतो आणि फुटतो.

आणि टायर पाच घ्या, चार नाही. चारही चाकांच्या ओढीच्या गाडीत पुढचे-मागचे टायर वेगळ्या घेराचे झाले, तर फोर बाय फोर लावल्यावर ट्रान्स्फर केसवर ताण चढत जातो. जुनी स्टेपनी वेगळ्या मापाची ठेवून नवे चार टायर घालणाऱ्याला पहिल्या पंक्चरलाच अशी गाडी चालवावी लागते.