व्याह्यांचे भांडण आणि आपले हसू

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याने ही दोन्ही दिव्ये स्वतः पार पाडली असली पाहिजेत. तिच्याच उत्तरार्धाचे नाव घेऊन मास्टर विनायक यांनी १९४० साली ‘लग्न पहावे करून’ हा चित्रपट काढला. कथा चिं. वि. जोशी यांची; चिमणराव आणि गुंड्याभाऊ झाले दामुअण्णा मालवणकर व विष्णुपंत जोग. लग्नघराची तारांबळ हा मराठी विनोदाचा हक्काचा विषय आहे, आणि तो अद्याप जुना झालेला नाही.

याच वाटेवरचा अलीकडचा चित्रपट म्हणजे सलील कुलकर्णी यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला ‘वेडिंगचा शिनेमा’ (२०१९). वराचे घर सासवडचे, वधूचे मुंबईचे. त्यांच्या लग्नाआधीची चित्रफीत करण्याचे काम एका तरुण दिग्दर्शिकेकडे येते आणि तिच्याबरोबर आपणही दोन्ही घरांत डोकावतो. मुलामुलींचे सूत जुळलेले असते. जुळत नाही ते दोन घरांचे. एका घराचा आपलेपणा दुसऱ्यास आगाऊपणा वाटतो, आणि दुसऱ्याची टापटीप पहिल्यास शिष्टपणा वाटते.

सासवडच्या जागी कट्टा हे नाव घातले तरी कथा अडणार नाही. मुंबईचे चाकरमानी आणि गावचे रहिवासी यांच्यांत सोयरिकी होणे आमच्या मालवण तालुक्यास नवे नाही. मुंबईच्या वऱ्हाडास मांडवात उकडते. गावच्या मंडळींस मुंबईच्या सभागृहातील घाई रुचत नाही. वडे आणि काळ्या वाटाण्यांचे सांबारे आग्रहाने वाढावे, तो पाहुणा पान तसेच टाकून उठतो, आणि तेवढ्यावरून सात पिढ्यांचा उद्धार होतो. ख्रिस्ती घरांतही रोसाच्या दिवशी नारळाचा रस प्रथम कोणी लावावा यावरून रुसवे होऊ शकतात.

असले चित्रपट म्हणजे निव्वळ पोरखेळ, असे म्हणणारे काही गंभीर पालक आहेत. आमचे मत निराळे आहे. पडद्यावरील व्याही ज्या कारणावरून भांडतात ते कारण किती क्षुल्लक आहे हे प्रेक्षकास तत्काळ दिसते. स्वतःच्या मांडवात मात्र तेच कारण पर्वताएवढे वाटते. शिवाय चांगला विनोद या भांडणाच्या मुळाशी असलेली भीती दाखवितो. मुलीच्या बापास भय असते, की आपले लेकरू परक्या घरी सुखाने नांदेल ना. मुलाच्या आईस भय असते, की आपला मुलगा आपणांस दुरावणार तर नाही ना. ही भीती उघड बोलून दाखविण्याची लाज वाटते; म्हणून मनुष्य आहेराच्या लुगड्यावर आणि चहाच्या कपावर भांडतो.

तथापि अशा विनोदाची एक उणीव सांगितलीच पाहिजे. पुष्कळदा तो रुसव्याफुगव्यांवर थांबतो आणि पैशाच्या गोष्टीस हात घालीत नाही. गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९९ मध्ये रंगभूमीवर आणलेल्या ‘शारदा’ नाटकात असा संकोच नव्हता. म्हाताऱ्या भुजंगनाथास पैशाच्या लोभाने मुलगी देऊ पाहणारा कांचनभट आणि मध्यस्थी करणारा भद्रेश्वर दीक्षित यांस पाहून प्रेक्षक हसत. पण त्या हसण्यास धार होती. पुढे १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला, आणि त्याने देणारा व घेणारा दोघांसही अपराधी ठरविले. तरीही ‘आमचे काही मागणे नाही, तुमच्या हौसेने काय ते करा’ हे वाक्य बैठकीतून गेलेले नाही. या ‘हौसे’पायी बापाने काढलेले कर्ज लग्नानंतर कित्येक वर्षे फिटत नाही, आणि त्याची बोलणी मुलीस सासरी ऐकावी लागतात. व्याह्यांच्या मानापमानावर हसणाऱ्याने या वाक्यावरही हसावयास शिकले पाहिजे.

योहानाच्या शुभवर्तमानात गालीलातील काना गावच्या लग्नाची कथा आहे. ऐन भोजनप्रसंगी द्राक्षारस संपला. मरियेने ती उणीव चारचौघांत पुकारली नाही. ती आपल्या पुत्राच्या कानी घातली. रांजण भरले गेले. तो रस कोठून आला हे चाकरांस ठाऊक होते, भोजनकारभाऱ्यासही कळले नाही. यजमानाची अब्रू राहिली. तो चमत्कार आपल्या हातचा नाही. परंतु दुसऱ्याच्या घरची उणीव दिसताच ती झाकणे मात्र कोणत्याही धर्माच्या व्याह्यास साधण्याजोगे आहे.

म्हणून पालकांस विनंती, की असा चित्रपट मुलांसह अवश्य पाहावा, आणि घरी आल्यावर आपल्या घरात मुलीचे लग्न कसे करावयाचे, खर्च किती करावयाचा आणि काय मुळीच द्यावयाचे नाही, हे तिच्यादेखत बोलावे. आणि विद्यार्थिमित्रहो, आज तुम्ही वऱ्हाडात पंक्ती वाढणारे आहात. उद्या बैठकीत बसणारे व्हाल. त्या दिवशी वडीलमंडळींचा आवाज चढू लागला, तर मान खाली घालून बसू नका. ‘आम्हांस एकमेकांखेरीज काही नको’ हे वाक्य वराच्या तोंडून वेळेवर निघाले, तर एक घर कर्जातून वाचेल, आणि त्याच्या भावी पत्नीस आपल्या माहेराचे नाव निघताच डोळ्यांस पदर लावावा लागणार नाही.