पाटी कोणाची, रस्ता कोणाचा?

गावोगाव हिंडून हाताने रंगविलेल्या धार्मिक पाट्या शोधायच्या आणि त्यांची छायाचित्रे जमवायची, या छंदाला शहरी मध्यमवर्गात आता बरीच प्रतिष्ठा लाभली आहे. पत्र्याच्या तुकड्यावर ऑइलपेंटने काढलेला बाण, ‘जागृत देवस्थान’ ही वाकडी अक्षरे, ऱ्हस्वदीर्घाचा गोंधळ, खाली देणगीदाराचे ठळक नाव या साऱ्याचे कौतुक होते. फ्लेक्सच्या यंत्राने पेंटरच्या हातचे काम काढून घेतले आणि मग त्याच्या अक्षरांना लोककलेचा मान मिळाला, हा क्रम भांडवलशाहीच्या रीतीला धरूनच आहे. परंतु या छंदाचा खरा दोष निराळा आहे. छायाचित्रात पाटी दिसते. ती लावण्याची मुभा कोणाला आहे आणि कोणाला नाही, हे मात्र चौकटीबाहेरच राहते.

शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे काय घडले ते पाहावे. ११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाने संभाजीराजांचा वध करविला. त्यांच्या देहाचे तुकडे गोळा करून अंत्यसंस्कार कोणी केले, याविषयी गावात दोन परंपरा आहेत. एक परंपरा हे श्रेय शिवले घराण्याला देते आणि त्या आडनावाचा संबंध देह शिवण्याशी जोडते. दुसरीनुसार बादशहाची दहशत झुगारून हे कार्य गोविंद गोपाळ महार यांनी केले. त्यांची समाधीही याच गावात आहे. २८ डिसेंबर २०१७ च्या रात्री या समाधीची वाट दाखविणारा आणि गोविंद गोपाळांचे श्रेय सांगणारा फलक उभा राहिला. तो दुसऱ्याच दिवशी उखडला गेला, समाधीवरील छताची मोडतोड झाली आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. १ जानेवारी २०१८ रोजी जवळच्याच कोरेगाव भीमा येथे, १८१८ च्या लढाईच्या द्विशताब्दीस जमलेल्या जनसमुदायावर दगडफेक व जाळपोळ झाली. सणसवाडीत एका तरुणाचा बळी गेला, ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला आणि शासनाला न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमावा लागला. हिंसाचाराचे सारे कारण एका फलकात शोधणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु तो फलक कोणाला का खुपला, हा प्रश्न टाळणे हा अप्रामाणिकपणाच होय.

फलकावरील इतिहास वादग्रस्त होता, असे यावर सांगितले जाते. असेल. पण महाराष्ट्राच्या रस्त्यांवरील किती धार्मिक पाट्या पुराव्याच्या कसोटीला उतरतात? स्वयंभू मूर्ती, पांडवांनी एका रात्रीत बांधलेले मंदिर, नवसाला पावणारा देव या दाव्यांसाठी कोणी बखर मागत नाही. सार्वजनिक रस्त्यावर नवे प्रार्थनास्थळ उभे राहू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी दिला. तरी असल्या पाट्यांखाली शेंदूर वाढतच राहिला. पुराव्याची आठवण होते ती पाटीवर महाराचे नाव आले की!

यातील विपर्यास जुना आहे. वतनी व्यवस्थेत गावाच्या शिवेचा जाणकार महारच होता. शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष घेतली जाई, आणि सरकारी माणसाला वाट दाखवीत पुढच्या गावापर्यंत पोहोचविणे हे त्याच्यावर लादलेले काम होते. १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने रद्द झाली. साऱ्या मुलखाला वाट दाखविणाऱ्याने स्वतःच्या पूर्वजाच्या समाधीकडे बाण काढला, तर ती मात्र आगळीक ठरते! शिवकालाच्या स्मृतीवर आज ज्यांचा मक्ता आहे, त्यांनी रायगडावरील शिवसमाधीची दुरवस्था समाजापुढे मांडणाऱ्या जोतीराव फुल्यांचे नाव तरी आठवावे.

म्हणून पाट्यांची छायाचित्रे काढू नयेत, असे नाही. उलट कार्यकर्त्यांनी ती अधिक नेटाने काढावीत; मात्र सौंदर्यासाठी नव्हे, दप्तरासाठी. पाटी कोणत्या तारखेस दिसली, जागा गावठाणाची की कोणाच्या खासगी मालकीची, रंगाचे पैसे कोणी दिले, ग्रामपंचायतीत ठराव झाला होता काय, एवढे छायाचित्रामागे लिहिलेले असावे. उखडलेल्या पाटीचे रिकामे खांबही टिपावेत, आणि ते कोणाच्या डोळ्यांदेखत रिकामे झाले याचीही नोंद व्हावी. गावातील ज्या वस्तीच्या रस्त्यावर एकही पाटी नाही, तेथे तर आधी जावे आणि तेथील म्हाताऱ्यांना विचारावे की लावली असती तर तीवर काय लिहिले असते.