हवेच्या खात्यावरची शिल्लक

हवेच्या दहा लाख रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे जेमतेम सव्वाचारशे. एवढ्याशाने काय बिघडणार, असे पुष्कळांना वाटते. परंतु कोरड्या हवेचा ९९ टक्के भाग असलेले नायट्रोजन व ऑक्सिजन पृथ्वीवरून परत निघणारी उष्णता जवळजवळ अडवतच नाहीत. ती शोषून काही अंशी खाली परत पाठवतात ते पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइडसारखे वायू. असे वायू उष्णता शोषतात, हे जॉन टिंडल यांनी १८५९ मध्येच लंडनला प्रयोगाने दाखवले होते.

चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू केली, तेव्हा हे प्रमाण सुमारे ३१५ होते. २०२४ ची सरासरी ४२४ च्या पुढे गेली.

बँकेत हयात घालवलेल्या माणसाला यातली मेख चटकन कळते. भरणा कमी केला म्हणून शिल्लक घटत नाही. ती फक्त सावकाश वाढते. आपल्या भरण्यातला सुमारे निम्मा समुद्र आणि झाडेझुडपे उचलतात, बाकीचा खात्यावर साचतो. म्हणून ‘धूर कमी केला’ या घोषणेवर समाधान न मानता शिल्लक किती, हे विचारायला हवे. वारस म्हणून तिथे आपल्या नातवंडांची नावे लागली आहेत.